दशम्यांची राखण

आमची आत्या स्वस्थ बसलेली मी एकच दिवस पाहिली. एरवी ती सतत चालत असे. विहिरीवरून स्वयंपाकघरात, तिथून गोठ्यात, गोठ्यातून पुन्हा विहिरीवर. डोक्यावरून घेतलेलं लाल लुगडं मागे फडफडत राही. बुलढाण्याला आमच्या आळीतल्या बायकांनी तिचं नाव 'टपाल' ठेवलं होतं. ती देवळाला निघाली की ओट्यावरून आवाज यायचा, "निघालं गं टपाल!" आत्याला ते आवडायचं. पण एवढं चालणारीला जागा किती, तर देऊळ आणि विहीर. वकिलाच्या घरातल्या केस काढलेल्या विधवेने याहून लांब जायचं कारण नव्हतं.

आई कधी म्हणायची, "वन्सं, टेका की जरा." आत्या म्हणे, "बसलं की आठवते, वहिनी." काय आठवतं ते कुणी विचारत नसे, कारण घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं. नवरा लोणारला, तिथल्या खाऱ्या तळ्यातून खार काढणाऱ्या मक्तेदाराकडे कारकून होता. ती नांदायला जाण्याआधीच एका वैशाखात, त्या खोल विवराच्या तळाशी मजुरांवर देखरेख करताना त्याला ऊन लागलं आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. आत्याने ना सासर पाहिलं, ना ती जागा. आपल्या भावाकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, तिने उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मागितली. "भाऊ, मले एक डाव लोणारले ने. खाली उतरून ते तळं पाह्यतो. मंग काई मागत नाई."

वडील 'नेऊ, नेऊ' म्हणत. ते सुधारक होते. वाचनालयात स्त्रीशिक्षणावर फार छान बोलत, टाळ्या पडत. टाळ्या घेऊन घरी आले की त्यांना पाय धुवायला गरम पाणी आत्याच देई.

मी अकरा-बारा वर्षांची असताना नाताळच्या सुट्टीत नागपूरचे एक रावसाहेब आमच्याकडे उतरले. वडिलांना सरकारी वकील व्हायचं होतं आणि रावसाहेबांचा शब्द वरपर्यंत चाले. त्यांनी लोणारचं सरोवर पाहायची इच्छा दाखवली. वडिलांनी लगेच भाड्याची मोटार ठरवली आणि आत्याला म्हणाले, "तूही चल." त्या रात्री आत्या झोपली नसावी. पहाटे मी उठले तेव्हा तिचा स्वयंपाक होऊन ती अंगणात येरझाऱ्या घालत होती.

निघताना मात्र वडिलांनी अट सांगितली. रावसाहेब सोवळ्याओवळ्याचे भारी कडक आहेत असं त्यांच्या कानावर होतं. मोटारीचा ड्रायव्हर उस्मानभाई, मुसलमान. तेव्हा शिदोरीची दुरडी आत्याने सोवळ्याच्या लोकरी धाबळीत गुंडाळून मांडीवर घ्यायची आणि जेवण होईपर्यंत जागचं हलायचं नाही. आत्या चकित झाली. "अरे भाऊ, दशम्या हायेत ह्या. दुधात भिजवल्या, पाण्याचा थेंब नाई. दशमीले कुठी विटाळ असते?" तिचं खरं होतं. प्रवासात सोवळं सांभाळावं लागू नये म्हणून तर दशम्या करतात. वडील म्हणाले, "मला शास्त्र शिकवू नकोस. त्यांच्या मनात किंतु आला तर?" आत्याने दुरडी धाबळीत गुंडाळली आणि मोटारीत चढून मांडीवर घेतली.

चिखली गेलं, मेहकर गेलं. धुळीने आमचे सगळ्यांचे चेहरे सारखे झाले. आत्या आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसली होती आणि लहान मुलीसारखी मान बाहेर काढून बघत होती. एका चढावर मोटार थांबली, रावसाहेब सोडून आम्ही उतरलो, उस्मानभाईने पाणी ओतलं. आत्याही उतरायला लागली तर वडील म्हणाले, "तू बस."

लोणारला वडिलांनी मोटार काठापासून आत, एका निंबाखाली लावायला सांगितली. दुरडीवर ऊन नको. तिथून पलीकडच्या कड्याची नुसती वरची किनार दिसत होती. तळं दिसत नव्हतं. वडील, रावसाहेब आणि मी विवरात उतरू लागलो. मी मागे वळून पाहिलं तर आत्या मोटारीत ताठ बसली होती, दोन्ही हात दुरडीवर ठेवून.

मागे काय झालं ते मला उस्मानभाईने पुढे कधीतरी सांगितलं. बाई डोळ्याला पदर लावेना, नुसती त्या किनारीकडे बघत राहिली. त्याच्याने राहवलं नाही. तो म्हणाला, "बाई, तुमी जाऊन या नं खाली. मी बसतो राखत. माकड येऊ देत नाई की कुत्रं." आत्या हसली. "अरे बाबा, तुह्यापासूनच तं राखून राह्यली मी!" तोही हसला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो सावलीतून उठला आणि पार लांब, उन्हात एका दगडावर जाऊन बसला. "तेवढंच होतं माह्या हाती," असं तो मला म्हणाला.

आम्ही वर आलो तेव्हा दिवस कलला होता. आत्याने केळीच्या पानावर रावसाहेबांना वाढलं, न शिवता, वरून. त्यांनी पहिला घास घेतला आणि खूश होऊन म्हणाले, "वा! दशम्या! प्रवासात याच बऱ्या. सोवळ्याची कटकट नाही. काय हो वकीलसाहेब, त्या ड्रायव्हरला बोलवा, त्यालाही द्या. उपाशी असेल." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दुरडीतल्या दोन दशम्या उचलून उस्मानभाईला दिल्या. वडील मोठ्याने हसले. आत्या हसली नाही. ती दुरडी तिथेच सोडून काठाच्या दिशेने झपाझप निघाली. दहा-बारा पावलं गेली असेल, तेवढ्यात वडिलांची हाक आली, "आता कुठे निघालीस? अंधार पडेल. पुढच्या वेळी." ती थांबली. परत आली. तिने पानं उचलली.

ती का थांबली याचा मला अजूनही राग येतो. मग आठवतं की तिला थांबायलाच शिकवलं होतं सगळ्यांनी.

परतीच्या वाटेवर रावसाहेबांना पेंग आली. आत्याने माझ्या कानाशी तोंड आणून हळूच विचारलं, "खाली वारं लागते का गं?" मी सांगितलं, "नाही. एक पान हलत नव्हतं." तिने मान डोलावली. म्हणाली, "मंग खरंच सांगत व्हते ते. दिवाळसणाले आले तवा मी पाणी द्यायले गेली, तं म्हणे, लोणारले खाली वारंच लागत नाई. तेवढंच बोलले माह्याशी."

वडील सरकारी वकील झाले. घरी स्वतःची मोटार आली. ती मोटार खामगावला गेली, अकोल्याला गेली, लोणारला गेली नाही. आत्या चारेक वर्षांनी हिवतापाने गेली. भेटायला येणाऱ्या लोकांसमोर वडील डोळे पुसत सांगत होते, "माझ्या बहिणीला मी काही कमी पडू दिलं नाही. तिची एकच इच्छा होती, तीही पुरी केली. मोटारीने लोणारला नेऊन आणलं."

लोक माना डोलावत होते. मी पाण्याचे पेले भरत होते. भरता भरता माझ्या तोंडून निघून गेलं, "तळं कुठे दाखवलंत?" वडिलांनी ऐकलं नाही, किंवा ऐकूनही दुसऱ्या माणसाकडे वळून त्यांनी तेच पुन्हा सांगायला सुरुवात केली.