आधी सूप, मग मत

लोर्ना हाउगेनच्या घरी आधी सूप मिळायचं, मग मत. हा तिचा नियम होता, आणि तिच्या नियमांना आमच्या गल्लीत कुणी हात लावत नसे. तिनं तीस वर्षं शाळेची बस चालवली. समोरच्या आरशात बघत ती मागच्या बाकावरच्या पोराला नावानिशी दम द्यायची. ती पोरं आता टकली झाली, त्यांची लग्नं मोडली, तरी लोर्नानं आवाज चढवला की ताठ बसतात.

आमच्या वॉशिंग्टन राज्यात मतपत्रिका टपालानं घरी येते. भरायची, पाकिटावर सही करायची आणि ग्रंथालयासमोरच्या लोखंडी पेटीत टाकायची. बाकीचं जग एकेकटं घरी बसून भरतं म्हणे. आम्ही लोर्नाच्या स्वयंपाकघरात भरायचो. ओहोटीच्या वेळी स्वतः किनाऱ्यावरून खणून आणलेल्या शिंपल्यांचं दाट सूप ती भलंमोठं पातेलंभर करायची. वाडगे उचलले, टेबल पुसलं, की निवडणुकीची जाडजूड माहितीपुस्तिका उघडून ती मोठ्यानं वाचायची. वाचता वाचता मत द्यायची, आणि ते मत ऐकूनही आपलं वेगळं ठेवायला छाती लागायची. मी रस्त्यापलीकडे राहते, गेली वीस वर्षं त्या टेबलावर भांडतेय. डेल्मर क्विस्ट मात्र कधीच भांडला नाही.

डेल्मर कालवांच्या शेतीवर काम करतो. बोलायला महाग माणूस. त्याची बायको फे होती तोवर मतपत्रिकेवर कुठं काळं करायचं ते फे सांगायची. फे गेली आणि ते काम आपसूक लोर्नाकडे आलं. तो पेन धरून बसायचा, लोर्ना म्हणायची, "वरचा गोल," आणि डेल्मर वरचा गोल भरायचा, अगदी सावकाश, रेषेच्या बाहेर न जाता.

२०१९च्या ऑक्टोबरात लोर्नाच्या गाडीच्या टॅबची नोटीस आली. टॅब म्हणजे नंबरप्लेटच्या कोपऱ्यात दरवर्षी लावायची चिकटपट्टी, एवढीशी, बोटाच्या पेराएवढी. त्या पट्टीसाठी मागितलेला आकडा बघून लोर्ना चपलांवर रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. मला आधी वाटलं, कुणी गेलं. ती खुर्चीत बसली. मग तिनं कागद पुढं केला. तिची हिरवी स्टेशन वॅगन, जिचा मागचा दरवाजा दोरीनं बांधलेला आहे आणि जिच्यात मेलेल्या कुत्र्याचा वास अजून जिवंत आहे, ती त्या कागदावर आठ हजार डॉलरची होती. आमच्या गॅरेजवाल्यानं उन्हाळ्यात तिला तीन हजार सांगितले होते, तेही टाकी भरून दिली तर. पण सिएटलची रेल्वे वाढवणारं जे मंडळ टॅबवर गाडीच्या किमतीप्रमाणे कर घेतं, त्या रेल्वे मंडळाचं किंमत ठरवायचं स्वतःचं एक कोष्टक होतं आणि त्या कोष्टकात गाड्या म्हाताऱ्या होतच नव्हत्या.

मलाही धक्का बसला, खोटं कशाला बोलू. माझा टॅब मार्चमध्ये असतो, म्हणून मी अजून शुद्धीवर होते.

त्याच नोव्हेंबरात मतपत्रिकेवर तीस डॉलरचा प्रस्ताव होता. गाडी कुठलीही असो, टॅब तीस डॉलरला. लोकांनी हे याआधीही मागितलं होतं आणि ते कुठंतरी विरघळून गेलं होतं. या खेपेला लोर्ना पेटली. किराणा दुकानाच्या दारात थंडीत उभी राहून ती येणाऱ्याजाणाऱ्याला आपली नोटीस दाखवायची, आणि मग त्यांना पार्किंगमध्ये नेऊन गाडी दाखवायची. गाडी बघितल्यावर वेगळं काही सांगावं लागत नसे. त्या वेळच्या सूपाला टेबल पुरलं नाही, माणसं ओट्याला टेकून पत्रिका भरत होती.

आणि तिथंच लोर्नानं तो हुकूम सोडला. कायदा डिसेंबरात लागू होणार, तेव्हा तोवर कुणी टॅब घ्यायचा नाही. आज दामदुप्पट भरून महिन्याभरात तीस डॉलरचा झालेला बघायचा, असा वेडेपणा कोण करेल, असं तिचं म्हणणं. डेल्मरचा टॅब ऑक्टोबरअखेर संपला होता. त्यानं हळूच विचारलं की पोलिसानं अडवलं तर काय.

लोर्ना म्हणाली, "डेल्मर, तुला आजवर कुणी अडवलंय का?"

डेल्मरला आजवर कुणीच अडवलं नव्हतं. तो मोकळ्या चौकातही थांबून दोन्हीकडे बघतो. त्यानं मान हलवली आणि टॅब घेतला नाही.

प्रस्ताव जिंकला. सगळ्या राज्यात जिंकला. लोर्नानं गल्लीत सगळ्यांना केक वाटला आणि ज्याला त्याला सांगितलं की मत म्हणजे मत, मोजलं की संपलं. ती यावर मनापासून विश्वास ठेवायची. नवरा सोडून गेला, चर्चमध्ये जाणं सुटलं, पण त्या लोखंडी पेटीवरची तिची श्रद्धा ढळली नव्हती. पेटीत पाकीट टाकल्यावर ती वरून एक थाप मारायची, बसमधून उतरणाऱ्या पोराच्या पाठीवर मारावी तशी.

नोव्हेंबर संपता संपता न्यायाधीशानं कायदा अडवून धरला. प्रस्तावाची शब्दरचना दिशाभूल करणारी आहे, असा काही शहरांचा दावा होता. त्याचा निकाल लागेपर्यंत जुने कर चालू. आणि रेल्वे मंडळानं तर सांगितलं की आमची वसुली थांबण्याचा प्रश्नच येत नाही, आमचा कर वेगळा. रेडिओवर बातमी लागली तेव्हा मी लोर्नाच्या ओट्याशी उभी होते. ती हातातला टॉवेल पिळत राहिली. टॉवेल कोरडा होता.

"पण आपण मत दिलं," ती म्हणाली. "मोजलं त्यांनी."

मला राग आला होता, आजही येतो. हरलो असतो तर गोष्ट वेगळी. जिंकून हरायचं कसं, ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात हार्डवेअरच्या दुकानासमोर डेल्मरला शेरीफच्या पोलिसानं अडवलं. लाल-निळे दिवे, बघणारी माणसं, सगळा तमाशा. पोलीस अगदी सभ्यपणे वागला. पण पन्नास वर्षं गाडी चालवलेला तो माणूस पोलीस निघून गेल्यावरही दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून होता, असं दुकानदारानं मला सांगितलं. दंडाची पावती त्यानं कुणाला दाखवली नाही. तिथून तो पायी घरी गेला. गाडी दुकानासमोरच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तो कामावर चालत निघालेला लोर्नाला खिडकीतून दिसला.

लोर्ना हबकली. आपल्या शब्दावर माणसं चालतात याचा तिला अभिमान होता. ती अशी खरोखर पायी चालतील, हे तिच्या मनात आलं नव्हतं. तिनं कोट चढवला, वॅगन काढली, डेल्मरला रस्त्यातच आत बसवलं, मला हॉर्न वाजवून बोलावलं आणि आम्ही तिघं टॅबच्या कार्यालयात गेलो. ती डेल्मरचा टॅब स्वतःच्या पैशानं घेणार होती. निदान मला तसं सांगितलं होतं.

रांगेत दहा-बारा माणसं. आमचा नंबर लागला तेव्हा लोर्नानं डेल्मरचा कागद बाजूला ठेवला आणि स्वतःची नोटीस काचेखालून सरकवली. वर गाडीची किल्ली ठेवली.

"इथं लिहिलंय, माझी गाडी आठ हजारांची आहे," ती म्हणाली. "मला पटलं. विकायचीय मला. द्या आठ हजार."

काचेपलीकडचा माणूस दमलेला होता. तो म्हणाला, "मॅडम, आम्ही गाड्या विकत घेत नाही."

"मग किंमत कशाला लावता? बाहेर उभी आहे, बघून तरी घ्या. दोरी मी फुकट देते."

रांगेत हशा पिकला. कुणीतरी टाळी वाजवली. लोर्नाच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. तिनं विचारलं की राज्यानं तीस डॉलर म्हटलंय, मग हे बाकीचे कुणासाठी. तो माणूस म्हणाला की ते रेल्वेचे, आम्ही फक्त गोळा करून देतो.

"आणि रेल्वेला हा हक्क दिला कुणी?"

"मतदारांनी, मॅडम. तोही मतदानानंच मंजूर झालाय."

लोर्ना गर्रकन मागं वळली, बसच्या दारात उभं राहून मागच्या बाकांकडे बघायची तशी, आणि तिनं सगळ्या रांगेला विचारलं, "कुठले मतदार? आहे इथं कुणी, ज्यानं हे मागितलं?"

माणसं बुटांकडे बघू लागली.

"आपण, लोर्ना," डेल्मर म्हणाला.

तो तिच्या शेजारीच उभा होता, टोपी हातात धरून. त्याचा आवाज नेहमीइतकाच हळू होता, पण त्या खोलीत तो सगळ्यांना ऐकू गेला.

"तीन वर्षं झाली. तुझ्याच टेबलावर. ट्रेन आली की तू पोरीकडं सिएटलला जाशील, गाडीच विकून टाकशील, असं म्हणाली होतीस. मी खालचा, नकाराचा गोल भरणार होतो. तू म्हणालीस, वरचा."

मी लोर्नाचा चेहरा पाहिला आणि पाहिला नसता तर बरं, असं वाटलं. तिचा रंगच उडाला. तिला आठवलं होतं. मलाही त्याच क्षणी आठवलं: ती संध्याकाळ, टेबलावर पसरलेला रुळांचा रंगीत नकाशा, आणि आमच्या गावापर्यंत येणाऱ्या रेषेवर फिरणारं तिचं बोट. कर किती बसेल ते पुस्तिकेत छापलेलं होतं. ते पान तिनं भरभर वाचलं होतं, आणि आम्ही कुणीही थांब म्हटलं नव्हतं. ट्रेन अजून आलेली नाही. जिच्या नावानं ती ऑक्टोबरपासून शंख करत होती ती वसुली तिनं स्वतःच मागवून घेतली होती, वर शेजाऱ्यांनाही मागायला लावली होती.

डेल्मरनं हे रागानं म्हटलं असतं तर तिला भांडता आलं असतं. त्याला फक्त तिच्या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं, म्हणून त्यानं दिलं.

लोर्नानं किल्ली उचलली. डेल्मरचा टॅब घेतला, आपला घेतला, दोन्हीचे पूर्ण पैसे मोजले आणि पावतीही न बघता बाहेर पडली. पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसून तिनं आपली पट्टी चिकटवली. परत येताना हार्डवेअरच्या दुकानासमोर डेल्मर उतरला, त्याच्या गाडीची प्लेट तिनं स्वतः पुसली, तिथंही पट्टी चिकटवली, आणि मग म्हणाली, "तीन वर्षांपूर्वीचं ते तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?" डेल्मर म्हणाला.

फेब्रुवारीत पुन्हा पत्रिका आल्या. या खेपेला एकच प्रश्न होता, शाळांसाठीच्या कराचा. त्याच पैशातून शाळेच्या बस चालतात. लोर्नासाठी याहून जिव्हाळ्याचा विषय नाही. याच कराच्या बाजूनं ती दर वेळी टेबलावर मूठ आपटायची. ती बोलवेल की नाही, मला शंका होती. बोलावलं तिनं. आम्ही तिघंचौघं गेलो, डेल्मर सगळ्यात शेवटी आला. सूप तेच होतं. टेबल पुसलं गेलं, पेनं आली. पुस्तिका तिनं मध्यभागी ठेवली आणि उघडलीच नाही.

डेल्मर पेन धरून बसला. वाट बघत बसला. शेवटी म्हणाला, "कुठला गोल?"

लोर्नाचे ओठ हलले. मी पाहिलं, शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. टेबलाची कड तिनं इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली.

"तुझं तू वाच," ती म्हणाली, "आणि तुझं तू ठरव."

डेल्मरच्या चेहऱ्यावर पोलिसानं अडवल्यावर जी भीती आली असेल तीच आली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या सूपाच्या पातेल्याकडे पाहिलं. मग त्यानं पुस्तिका ओढून घेतली, चष्मा लावला आणि बोट ठेवून सगळं वाचलं, कराच्या आकड्यांचं पानसुद्धा. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आमच्या पत्रिका केव्हाच पाकिटात गेल्या होत्या, पण कुणी उठेना.

अखेर त्यानं पेन टेकवलं. लोर्नाला राहवलं नाही, तिची मान जराशी लांब झाली. डेल्मरनं वर न बघता हात पुढं केला, सूपाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं आणि दोघांच्या मध्ये उभं धरलं.