‘ओपन’ म्हणजे चालू नव्हे

देवकी रामटेके यांनी खापरखेड्याच्या वसाहतीतल्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात त्यांनी आठवड्यातून तीन दिवसांचं काम धरलं. तिथे चीनहून नवी यंत्रं आली होती आणि ती बसवायला पाच तंत्रज्ञ. त्यांना कामापुरतं इंग्रजी शिकवायचं होतं.

पाचांमध्ये झोउ सगळ्यात मोठा, पन्नाशीचा. पहिल्याच आठवड्यात तो वर्गात आला आणि नम्रपणे म्हणाला, “टीचर, प्लीज ओपन द लाइट.” देवकीबाई ट्यूबलाइटकडे पाहत राहिल्या. ती उघडून काय करायचं? झोउने बटणाकडे बोट दाखवलं, तेव्हा उलगडा झाला. त्याच्या भाषेत दार, दिवा, यंत्र, गाडी, मीटिंग या सगळ्यांना एकच क्रियापद चालतं. त्याच्या इंग्रजीत तो सकाळी गाडी ‘ओपन’ करून आला होता आणि साहेबांनी मीटिंग ‘ओपन’ केली होती.

बाईंनी फळ्यावर रेघ ओढून दोन बाजू केल्या. दार, डबा, पुस्तक, डोळे, दुकान, हे ओपन. दिवा, पंखा, यंत्र, हे टर्न ऑन. गाडी ड्राइव्ह, मीटिंग स्टार्ट. शिकवता शिकवता त्यांच्या लक्षात आलं की आपणही दिवा लावतो, नळ सोडतो आणि पंखा चालू करतो, पण कोणी कधी विचारलं नाही म्हणून त्याचं कधी काही वाटलं नाही. झोउ प्रत्येक वाक्य तीनदा म्हणायचा. वर्गात तो चुकत नसे. यंत्रासमोर घाई झाली की मात्र जुनं ‘ओपन’च तोंडातून बाहेर पडायचं.

एकदा त्याने “ओपन मशीन” म्हटलं आणि अंकित नावाच्या फिटरने पाना घेऊन दोन बोल्ट सैल केले. इकडे मशीन खोलणं म्हणजे तिचे भाग सुटे करणं. सगळे हसले. बाईंना हसू आलं नाही. कामगारांचं खातं पाहणाऱ्या जितेंद्र भोयर यांच्याकडे त्या गेल्या.

“सर, कामगारांनाही आठवड्यातून एक तास माझ्याकडे बसवा. हे लोक ओपन म्हणतात तेव्हा त्यांना काय म्हणायचं असतं, ते पोरांना माहीत पाहिजे.”

जितेंद्र प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. चिमूट गालात भरून ते म्हणाले, “मॅडम, तासभर पोरं बसवली तं माल कोण काढन? तुम्ही चिन्यांचं पाहा.” मग वाकून त्यांनी टेबलाखालच्या डब्यात पिंक टाकली. डब्याच्या कडेला लाल थर वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. बाईंनी नजर वळवली. विषयही तिथेच सोडला.

तीन आठवड्यांनी लहानू नावाचा कामगार यंत्राच्या मागच्या बाजूला रुळात गुंतलेला धागा काढत होता. पुढच्या बाजूला अंकित होता. त्याचा हात बटणांच्या पेटीकडे जाताना झोउने पाहिला आणि तो ओरडला, “डोंट ओपन.” अंकितला वाटलं, तो यंत्राचं झाकण उघडू नको म्हणतोय. झाकण तर बंदच होतं. त्याने बटण दाबलं. लहानूच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी जितेंद्र यांनी बाईंना बोलावलं. टेबलावर एक हजेरीपट होता. चौदा कामगारांची नावं, मागच्या महिन्याच्या तारखा, प्रत्येकापुढे सही. खाली लिहिलं होतं, ‘भाषा व सुरक्षा प्रशिक्षण’. शिक्षकाच्या सहीची जागा रिकामी होती.

“हा वर्ग मी घेतलाच नाही,” बाई म्हणाल्या.

“आता घेतला असं समजा.”

बाईंनी पट जवळ ओढला. लहानूचीही सही होती, तिरकी, वळणदार. “ही कोणी केली? तो तर दवाखान्यात आहे.”

“तुम्ही काहून एवढा विचार करून राहिल्या, मॅडम? ट्रेनिंग दिलं होतं, त्यानंच ध्यान नाही दिलं, बस. कारखान्याचं नाव खराब नाही झालं पाहिजे.” बोलता बोलता त्यांनी संत्रा बर्फीचा डबा उघडला. ज्या बोटांनी आत्ताच खर्रा घोटला होता त्याच बोटांनी एक वडी उचलून त्यांनी बाईंसमोर धरली. पिवळ्या वडीवर बोटांचे काळपट डाग उमटले होते.

 बाई उठल्या, बाहेरच्या नळावर गेल्या आणि ओकल्या. तोंड धुताना त्यांना त्या माणसाची शिसारी येत होती, तशी स्वतःचीही. आपण एकदाच सांगितलं आणि नाही म्हटल्यावर गप्प बसलो. वर्गात पोर चुकलं तर आपण दहादा सांगायचो. इथे दुसऱ्यांदा सांगायला काय झालं होतं?

संध्याकाळी त्या लहानूच्या खोलीवर गेल्या. तो आदल्या दिवसापासून दवाखान्यातच होता. त्याची बायको पायल दाराशी बसली होती आणि भिंतीला टेकून अंकित.

“बाई, ऑफिसातले म्हणतात, त्याले सारं शिकवलं होतं,” पायल म्हणाली. “खरं हाये का?”

“नाही. कोणी शिकवलं नाही.”

अंकितने मान वर केली. “मॅडम, झाकण बंदच होतं. मी पाहिलं होतं.” तो हे सकाळपासून येईल त्याला सांगत होता.

बाईंच्या शिकवण्याच्या वहीत, त्या जितेंद्र यांच्याकडे गेल्या होत्या त्या दिवसाची नोंद होती: कामगारांना बसवण्याची विनंती केली, नकार मिळाला. ती वही त्यांनी सरकारी कारखाना निरीक्षकाकडे नेऊन दिली. काय घडलं ते लिहून देशील का, असं झोउलाही विचारलं. त्याच्यावर वरून दबाव होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तरी त्याने कागद मागून घेतला आणि स्वतः इंग्रजीत लिहिलं, मी ‘डोंट ओपन’ म्हणालो, मला ‘डोंट टर्न ऑन’ म्हणायचं होतं, टीचरने शिकवलं होतं, घाईत विसरलो. त्यात व्याकरणाच्या दोन चुका होत्या. बाईंनी त्या तशाच राहू दिल्या.

चौकशी चार महिने चालली. सह्या खोट्या ठरल्या. लहानूला भरपाई मिळाली आणि स्टोअरमध्ये बसून करायचं काम. अंकितची नोकरी वाचली, पण तो स्वतःच सोडून गेला. जितेंद्र यांना मालकांनी दुसऱ्या कारखान्यात वरच्या जागेवर पाठवलं.

तिथून एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज अगदी मोकळा. “मॅडम, झालं गेलं सोडा. इकडंही चिनी लोक आले आहेत. क्लाससाठी तुम्हीच या.”

“मी नाही येणार.”

“काहून?”

एकतीस वर्षांत बाईंनी कोणाला असं तोंडावर म्हटलं नव्हतं. “मले तुमची किळस येते,” त्या म्हणाल्या आणि फोन बंद केला. समोर वाढलेलं ताट होतं. त्यांनी ते झाकून ठेवलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.