सोयरीक आणि ॲडव्हान्स्ड बॅच

मुलीचं लग्न कोइमतूरच्या मुलाशी ठरायची वेळ आली, तेव्हा आमच्या घरात इंग्रजीचा प्रश्न उभा राहिला. मुलगा पुण्यात तिच्याच कंपनीत. त्याच्या आईवडिलांना मराठी येत नाही, हिंदी जेमतेम, आणि आमचं तमिळ म्हणजे टीव्हीवरच्या डब केलेल्या मारामाऱ्या. मी एरंडोलला मराठी शाळेत गणित शिकवतो. बायको म्हणाली, मुलीलाच बोलू द्या ना. पण स्वतःच्याच सोयरिकीत मुलीने दुभाषी व्हायचं, हे काही मला पटेना. मी जळगावला इंग्रजीचा क्लास लावला.

मॅडमनी चाचणी घेऊन मला थेट ॲडव्हान्स्ड बॅचला बसवलं. एरंडोलमध्ये ज्यांना ऐकायचं नव्हतं, त्यांनाही मी हे सांगितलं. शाळा सुटली की एसटी पकडायची आणि जळगाव येईपर्यंत शब्द पाठ करायचे. मॅडमचा एकच धोशा असे, साधे शब्द सोडा. 'गुड', 'बॅड', 'व्हेरी' हे खालच्या बॅचसाठी. मला हा नियम फारच मानवला. घरी चहात साखर कमी पडली तरी मी 'इनसफिशियंट' म्हणू लागलो. बायकोने मग साखरेचा डबाच माझ्यासमोर ठेवायला सुरुवात केली.

पाहुणे येणार म्हणून मी वधूपित्याचं भाषण लिहून काढलं. नवीन काही नव्हतं. आम्ही साधी माणसं, तुमच्या तोलामोलाची नाही, पाहुणचार काही जमला नाही, मुलीला काही येत नाही, चुकलंमाकलं पदरात घ्या. माझे सासरे असंच बोलले होते. नाना, म्हणजे माझे थोरले भाऊ, त्यांच्या मुलींच्या वेळी असंच बोलले. समोरच्यांनी 'असं कसं, असं कसं' म्हणायचं आणि मग पेढे वाटायचे. तेच सगळं मी ॲडव्हान्स्ड शब्दांत बसवलं. मॅडमनी तपासून एक 'द' वाढवला आणि खाली 'एक्सलंट' लिहिलं. मॅडमही इकडच्याच, पाचोऱ्याच्या. त्यांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

पाहुणे आले. भरीत, पुऱ्या, शेवभाजी झाली. मुलाच्या आईने भरीत पुन्हा मागून घेतलं. मग सगळे बैठकीत बसले, मुलगी दाराशी उभी राहिली, आणि मी घसा खाकरून उठलो. म्हणालो की आमचं घराणं 'इनसिग्निफिकंट' आहे, आत्ताचं जेवण 'सबस्टँडर्ड' होतं, आणि आमची मुलगी घरकामात पूर्णपणे 'इनकॉम्पिटंट' असून तिचे असंख्य 'डिफेक्ट्स' आपण 'टॉलरेट' करावेत. व्याकरणाची एकही चूक झाली नाही, आणि तेच नडलं. मोडकंतोडकं बोललो असतो तर माणसांनी सांभाळून घेतलं असतं.

'असं कसं' कोणी म्हणेना. मुलाच्या वडिलांनी हातातला पेला खाली ठेवला. मुलगा उगीच हसून बघत होता. माझ्या मुलीने हेच मराठीत कितीतरी लग्नांत ऐकलेलं, पण इंग्रजीत ती रोज काम करते. तिथे या शब्दांवर माणसांची नोकरी जाते. तिचा चेहरा पडला. मी घाबरलो. सोयरीक मोडलीच, तर ती माझ्या तोंडाने मोडणार होती.

मुलाची आई माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "डू यू नॉट लाइक युअर डॉटर?"

वाक्य अगदी खालच्या बॅचचं. आमच्याकडे असं कोणी विचारत नाही, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. पाठ केलेल्या शब्दांतला एकही वेळेवर आला नाही. मी खाली बसलो आणि तुटक तुटक सुरू केलं. शी इज गुड. व्हेरी गुड. ती पुण्याहून यायची असते तेव्हा मी स्टँडवर जाऊन उभा राहतो. गाडीला उशीर झाला तर तसाच उभा राहतो. ती उतरली की म्हणतो, भाजी घ्यायला आलो होतो. भाजी घरात असते. ती परत जाते त्या दिवशी मला जेवण जात नाही. ती घरात नसली की मला करमत नाही, हे सांगायला तर मला शब्दच सापडला नाही, म्हणून 'व्हेरी' दोनदा म्हणालो.

मुलाच्या आईने डोळ्यांना पदर लावला. मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्या मुलीला तिने हाताला धरून शेजारी बसवलं, आणि मुलाचे वडील पेढ्याच्या ताटाकडे बोट दाखवून आपल्या बायकोशी तमिळमध्ये काहीतरी बोलले. ठरलं होतं.

नाना इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडे बघत बसले होते. त्यांना यातलं अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी मला कोपराने ढोसून अहिराणीत विचारलं.

"काय सांगं रे तू त्यास्ले?"

मुलीने ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. आता हे आपल्या भाषेत सांगितलं जाईल म्हणून ती थांबून राहिली होती, हे मला दिसत होतं.

"काही नही, नाना," मी म्हणालो. "जेवानं इचारं फक्त."