कोठीतल्या राखेच्या रेघा

ज्वारीचा भाव चढायला लागला त्या साली मी दुकानदाराच्या पारड्याखाली हात फिरवून बघायला शिकले. पारड्याच्या बुडाला चिंचेचा गोळा चिकटवलेला असतो, असं शेजारणीकडून ऐकलं होतं. मला तो कधी सापडला नाही, पण म्हणून बघायचं सोडलं नाही. दुकानदार म्हणायचा, "बाई, दुसरीकडं जावा की." मी म्हणायची, "तिथलंही बघून आलेय." रॉकेलवाला माप भरताना वेगानं ओतायचा आणि फेस बसायच्या आत बाटलीत रिकामं करायचा. मी बाटली झाकणाबरोबर हातात धरून उभी राहायची आणि फेस बसल्यावरच पुढचं माप घ्यायची. मागच्या बायका कुरकुरायच्या. त्यांनाही रॉकेल हवंच होतं, त्यामुळे फार बोलायच्या नाहीत.

दोन वर्षं पाऊस झाला नव्हता. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली जाडीभरडी ज्वारी, मिळायचा. त्याचं पीठ कितीही गरम पाण्यात मळा, भाकरी थापताना कडेनं फाटायची आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे तुकडे व्हायचे. तरी खायचो. साखर चहापुरती आणि तीही पाहुणा आला तर, एरवी गूळ. फोडणीचं तेल मी पळीनं न घालता चमच्यानं घालायला लागले. तुरीची डाळ इतकी पातळ व्हायची की ताटाची नक्षी दिसायची.

घरात आम्ही दोघी जावा, आमचे नवरे, मुलं आणि मामंजी. हे सोलापुरात कापडाच्या मिलमध्ये, दीर बँकेत शिपाई. मी एका शाळेत शिवण शिकवत असे. मामंजी टेंभुर्णीच्या बाजूच्या खेड्यात एकटे राहायचे. विहीर आटली तेव्हा त्यांना आमच्याकडे आणलं. दिवसभर ते बाहेरच्या खोलीत खाटेवर बसलेले असायचे. जाऊ सोलापुरातच वाढलेली, तिचे वडील मिलमधले. तिनं शेत पाहिलं असेल ते गाडीच्या खिडकीतून.

भाव आणखी वर जाणार हे उघड दिसत होतं, म्हणून दोघा भावांनी बोनसचे पैसे एकत्र करून ज्वारीचं एक पोतं घेतलं. पांढरीशुभ्र, टपोरी ज्वारी. स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या कोठीत ती ओतली, वर कडुनिंबाचा पाला टाकला. ही ज्वारी मिलोत निम्मी मिसळून पोळ्यापर्यंत पुरवायची असं ठरलं. दर रविवारी मी स्वतः आठवड्याची ज्वारी मापून काढायची, जाऊ ती निवडून गिरणीत न्यायची. मधल्या दिवसांत कोठी उघडायची नाही.

महिना झाला नसेल, मला ज्वारी कमी दिसायला लागली. कोठीच्या आतल्या बाजूला पत्र्याचा एक जोड आहे. एका रविवारी माप काढून झाल्यावर ज्वारी त्या जोडाच्या वर होती आणि पुढच्या रविवारी झाकण काढलं तर जोड उघडा. पत्र्याच्या कोठीला उंदीर भोक पाडत नाही. झाकणही घट्ट.

दिवसभर घरात कोण, तर जाऊ. तिचा भाऊ अधूनमधून सायकलवरून यायचा. येताना त्याच्या हँडलला कापडी पिशवी असायची, असं मुलं सांगायची. आत काय असायचं ते मला कधी कळलं नाही, कारण तो मी शाळेत असतानाच यायचा. मुलांना विचारलं तर म्हणायची, "मामा चहा पिऊन गेला." चहा गुळाचा केलास की साखरेचा, असं मी तिला सहज विचारलं. ती म्हणाली, "अक्का, तुम्ही डब्यात बघून घ्या." मी बघितलं. मला बघताना तिनंही बघितलं.

त्यातच दीर एका संध्याकाळी म्हणाले, "वहिनी, वेगळी चूल मांडलेली बरी. रोज घरात धुसफूस ऐकायला येते. मी खोली बघतोय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. खोली म्हणजे दुसरं भाडं, दुसरा स्टोव्ह, त्याला वेगळं रॉकेल. रेशनकार्ड फोडायचं तर कचेरीच्या चकरा, आणि तोवर एका घराला काहीच नाही. एका चुलीवर आम्ही कसेबसे उभे होतो. दोन चुली झाल्या असत्या तर दोन्ही घरं बसली असती. आणि घर फुटणार ते कशावरून, तर कोणीतरी कोठीत हात घालतंय यावरून. तेव्हा तो हात कोणाचा, ते मला कळायलाच हवं होतं.

माझं माहेर जेऊरकडचं. सुगीत खळ्यावर रास लावली की वडील घरी जेवायला येण्याआधी राशीवर राखेच्या रेघा ओढायचे. कोणी हात घातला तर दाणे घसरतात आणि रेघ मोडते, मग ती चोराला जुळवता येत नाही. मी तेच केलं. रविवारी माप काढलं, ज्वारी हातानं सपाट केली, पाला बाजूला सारला आणि चुलीतली राख मुठीतून सोडून कोठीत आडवी-उभी रेघ ओढली. झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर झाकण काढलं तर राख गायब. ज्वारी लख्ख.

जाऊ भांडी घासत होती. न विचारताच म्हणाली, "अक्का, कोठीत राख पडली होती. मी फुंकून काढली."

"कोठी उघडलीस कशाला?"

"टोके झालेत का बघायला. पाला बदलला. बघा ना."

पाला खरंच ताजा होता. पण ताजा पाला काय कोणीही टाकेल. आणि राख बघून तिच्या तोंडावर जराही चलबिचल नव्हती. एक तर तिला रेघ म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, नाहीतर ती माझ्यापेक्षा पक्की होती. मला दुसरं जास्त खरं वाटलं.

मी म्हटलं, "पुन्हा उघडू नकोस. हवा लागली की टोके होतात."

"बरं," ती म्हणाली. आणि मग भांड्यांकडे तोंड करून, "तुम्हीच उघडत जा. म्हणजे कोणाला काही म्हणायला नको."

पुन्हा रेघ ओढली. या वेळी पाल्याच्या खाली, दिसायला नको अशी. आठवडाभर कोठीला हात लावला नाही. रविवारी झाकण काढलं. रेघ जागच्या जागी होती. आडवी आणि उभी, दोन्ही. मात्र ज्वारी चार बोटं खाली गेली होती.

मी खाली बसून नीट बघितलं. माझी रेघ जाडीभरडी होती, तिच्यात कोळशाचे कण होते. ही रेघ बारीक, सरळ, एकसारखी. चाळलेल्या पिठासारखी राख. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट लागली.

घरात चाळलेली राख एकाच डब्यात होती. मामंजी सकाळी दात घासायला गोवरीची राख वस्त्रगाळ करून मीठ घालून ठेवायचे. तो डबा खाटेखाली असायचा. आणि कोठीतली रेघ मोडली तर ती पुन्हा ओढून ठेवावी, हे सुचायला आधी ती रेघ कशाची हे ओळखता यायला हवं. जाऊनं तिला कचरा म्हणून फुंकलं होतं. या घरात खळं पाहिलेली माणसं दोनच होती, एक मी आणि दुसरे मामंजी. यांचा आणि दिरांचा जन्म खेड्यातला, पण दोघं मामाकडे शहरात वाढलेले.

त्याच दुपारी मामंजी न्हाव्याकडे गेले. हे आणि दीर बाहेर होते. मी खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. वर घोंगडं, धोतर, जुना कोट. त्याखाली गोणपाटाची पिशवी, तोंड सुतळीनं आवळलेलं. सोडली. आत आमचीच ज्वारी. पण कशी, तर एकेक दाणा निवडलेला, भरलेला, एकही फुटका नाही. सगळ्याला राख चोळलेली.

"अक्का, काय ठेवताय?"

जाऊ दारात उभी होती. तिनं माझ्या हातातली पिशवी बघितली, पेटी बघितली आणि तिचा चेहरा एकदम सुटला.

"तरीच," ती म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाच्या पेटीत ठेवताय होय. कोणी बघणार नाही."

"मी ठेवलेली नाही."

"हातात तुमच्याच आहे की."

मी तोंड उघडणार एवढ्यात मामंजी आले. गुळगुळीत हजामत, खांद्यावर पंचा. आम्हा दोघींना बघून ते घाबरले नाहीत, उलट चिडले.

"ठिवा ते खाली. बियाणं हाय."

"तुम्ही काढलंत?" मी विचारलं.

"मग कोन काढील? तुमी दोगी? तुमास्नी दाना कळतो का बियाण्याचा?"

"मागायचं होतं की मला."

"मागितलं आसतं तर काय म्हनली आसतीस?" ते खाटेवर बसले. "म्हनली आसतीस, पोळ्यानंतर बगू. पोळ्यानंतर कोठीत काय ऱ्हानार, पाला? पाऊस पडला की गावात समदी बियाण्याला पळत्यात. तवा दुकानात ज्वारी नव्हं, सोनं घ्यावं लागंल. आन् तुमच्या हाती ऱ्हायलं तर तुमी दळून खाताय. पोरं रडली की बाई बियाणं बगत न्हाय."

हे खरं होतं. त्यांनी मागितलं असतं तर मी दिलं नसतं. त्यांनी माझ्यावर संशय घेतला तो बरोबरच घेतला.

"आणि रेघ?" मी म्हटलं. "रेघ का ओढलीत?"

"तुजी लई वाकडी व्हती. आमच्या खळ्यावर आसली रेघ काढली तर बाप हानायचा. नीट केली."

जाऊ आतापर्यंत ऐकत होती. तिनं हळूच विचारलं, "कसली रेघ?"

मामंजींनी तिला खळ्यावरची रीत समजावून सांगितली, मोठ्या आवाजात, हात हलवून. सांगता सांगता त्यांना कळलं की आपण काय सांगतोय, आणि ते थांबले. तोवर जाऊला सगळं समजलं होतं.

"म्हणजे ती राख माझ्यासाठी होती," ती म्हणाली.

"कोणा एकासाठी नव्हती."

"दिवसभर घरात मीच असते अक्का." ती चौकटीला टेकली. मग म्हणाली, "मी काय करायचे सांगू? सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात की तुमची शाळेची पिशवी बघायचे. कापडाखाली हात घालून. रोज."

"काय सापडलं?"

"कात्री. आणि मशीनच्या तेलाची बाटली. मला वाटलं खायचं तेल आहे. चाखून बघितलं."

मामंजी हसले. आम्ही दोघी नाही हसलो. मी विचारलं, "आणि भावाच्या पिशवीत?"

"चिंचा. आईकडचं झाड आहे. तुम्ही आमटीत घालता त्या." ती म्हणाली. "दुकानातून आणल्या म्हणून सांगितलं, कारण माहेरचं घरात आणते म्हटलं की तुम्ही म्हणाला असता, तिथं काहीतरी देते म्हणूनच आणते."

मी तसं खरंच म्हटलं असतं.

मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून ठरवलं. गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही. तिची अट एकच होती. कोठीतली ज्वारी निम्मी करायची आणि तिच्या वाट्याची वेगळ्या पिंपात. चूल एकच, रेशनकार्ड एकच, रॉकेलच्या रांगेला आळीपाळीनं. एक आठवडा ती स्वयंपाक करणार तिच्या ज्वारीतून, एक आठवडा मी माझ्या. मी मान्य केलं. खोलीचं भाडं वाचत असेल तर एक जादा पिंप परवडत होतं.

अडचण मामंजींची निघाली. गोणपाटातलं बियाणं गावाकडच्या त्यांच्या शेताच्या पट्टीला पुरणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्यासमोर येऊन उभे राहिले. या वेळी त्यांनी तोंडानं मागितलं.

"आजून एकेक माप द्या. दोगींनी."

"पेराल नक्की?" जाऊनं विचारलं. "पाऊस नाही झाला तर?"

"तर तुमीच दळून खावा. मी काय करनार त्येचं?"

मी माझ्या कोठीत माप बुडवलं. जाऊनं तिच्या पिंपात. मी तिच्या हाताकडे बघत होते, ती माझ्या. तिनं मापावर हात फिरवून ते सपाट केलं. मग मीही केलं. मामंजी दोन्ही मापांकडे बघून म्हणाले, "शीग लावली आसती तर काय मेला आसता का?" कोणी लावली नाही. त्यांनी खाटेवर बसून त्यातला दाणान् दाणा पुन्हा निवडला. फुटके परत आणून दिले, तेही मोजून दोन वाट्यांत.

पाऊस झाला तेव्हा ते पिशवी घेऊन गावाला गेले. भाव काही लगेच उतरले नाहीत. जाऊच्या आठवड्यात भाकरी मला पातळ वाटायची. माझ्या आठवड्यात तिला आमटी. आम्ही दोघी ते एकमेकींना तोंडावर सांगायला लागलो, एवढाच फरक झाला. दिरांनी खोली बघायचं थांबवलं. निदान जाऊनं मला तसं सांगितलं.