दोघींना मिळून एक रोलर

शनिवारपासून डोकं बधिर झालंय. ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसलेय, पण काम काही पुढे सरकत नाहीये... म्हणून इथे लिहून टाकते.

आमच्या रत्नागिरीत महिन्यातून एकदा कोल्हापूरहून त्वचेच्या डॉक्टरीणबाई येतात. भाजल्याच्या जुन्या व्रणांवर बारीक सुयांचा रोलर फिरवायचा, असा एक नवीन उपचार त्यांनी सुरू केलाय. चार वर्षांची असताना माझी मान आणि डावा हात भाजला होता. तेव्हापासून भर मे महिन्यातही गळाबंद, लांब बाह्यांचे ड्रेस. म्हटलं, जाऊन तर बघू.

आईला न्यायचं नव्हतं, खरं सांगते. पण ती चपला घालून तयारच. भाट्याच्या पुलावरून रिक्षा गावात शिरली तरी आम्ही एकमेकींशी चकार शब्द बोललो नव्हतो.

कारण हा व्रण म्हणजे आमचं जुनं भांडण. त्या दिवशी अंगणातल्या चुलीवर आंब्याचा रस आटत होता आणि आई शेजारी पाटावर बसून कालथ्याने ढवळत होती. मी धावत आले, अडखळले, कढई कलंडली. आईचं लक्ष नव्हतं, असं अख्खं घर म्हणायचं आणि आईने ते कधी नाकारलं नाही. मग मीही मोठी होताना तेच तिला उठता-बसता ऐकवलं.

दवाखान्यात फॉर्म दिला. ‘कशाने भाजले’ या रकान्यात मी लिहिलं, ‘गरम रस, आईच्या दुर्लक्षामुळे’. आईने चष्मा आणला नव्हता. काय लिहिलंस गो, असं तिने विचारलं आणि मी मोठ्याने वाचून दाखवलं... मुद्दाम. ती नुसती "बरं" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली, डावा पाय नेहमीसारखा समोर लांब करून. जेवताना, भाजी चिरताना, कुठेही ती अशीच बसते. मी तिला ‘महाराणी’ म्हणून चिडवते.

मग बधिर करायचं क्रीम लावून मला तासभर बसवलं. सुयांनी बारीक भोकं पडतात, ती भरून येताना त्वचा नवी होते, व्रण मऊ पडतो, असं डॉक्टरांनी समजावलं. चार-पाच वेळा यावं लागेल आणि डाग पूर्ण जाणार नाही, हेही सांगितलं. आई लगेच, "म्हणजे मोरावळ्याचे आवळे टोचतो तसंच की!" डॉक्टर हसल्या. मला मात्र जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

आत मला भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपवलं. रोलर फिरायला लागला. फार दुखत नव्हतं, पण कानाशी करकर आवाज येत होता आणि डॉक्टर पुसत होत्या त्या कापसावर लाल ठिपके दिसत होते.

तेवढ्यात मागून आईचा आवाज. "डॉक्टरीणबाई, हा एक रोलर दोघींना मिळून चालेल काय हो?"

असा संताप आला मला! आम्हा कोकण्यांच्या काटकसरीला काही ताळतंत्र आहे की नाही? डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "नाही हो काकू, रक्त लागतं ना त्याला. ज्याचा त्यालाच. पण दोघी कोण?"

उत्तराऐवजी साडीची सळसळ ऐकू आली... आणि माझ्या मानेवरचा डॉक्टरांचा हात थांबला.

मी मान वळवली.

आईची डावी मांडी. गुडघ्यापासून वर वीतभर... छे, त्याहून जास्त. कातडी ओढलेली, गाठीगाठींची. माझा डाग त्याच्यापुढे काहीच नाही. चोवीस वर्षं मी या बाईबरोबर एका घरात राहतेय आणि मला माहीत नव्हतं!

डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कुठे तिच्या तोंडून कळलं. कढई कलंडली तेव्हा आईने ती मांडीने अडवली होती आणि एका हाताने मला मागे ढकललं होतं. सगळा रस तिच्या मांडीवर सांडला. माझ्यावर उडाले ते नुसते शिंतोडे. घरचे मला उचलून हॉस्पिटलात धावले, ही मागाहून आली, पण तिथे पुरुष डॉक्टर... मांडी दाखवायला लाजली आणि घरी कोरफड लावत राहिली. फक्त बाबांना ठाऊक होतं. बाबा जाऊनही आता सहा वर्षं झाली.

"डागाचं काही नाही हो, पण पाय दुमडत नाही. ओढतं," ती डॉक्टरांना सांगत होती. "आज बाईमाणूस डॉक्टर दिसली म्हणून विचारलं."

मी ओरडलेच तिच्यावर. सगळे तुला बोल लावायचे, मी बोलायचे, तेव्हा गप्प का बसलीस?

तर म्हणते कशी, "नव्हतंच ना गो लक्ष. असतं तर तू चुलीपर्यंत पोचली असतीस काय?"



असा ओढलेला व्रण नुसत्या रोलरने सुटत नाही, आधी सर्जनना दाखवा, असं सांगून डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. पुढच्या आठवड्यात आम्ही कोल्हापूरला जातोय. माझ्या मानेचा उपचार तोवर थांबेल.

निघताना मी काउंटरवरून फॉर्म परत मागितला आणि ‘आईच्या दुर्लक्षामुळे’ खोडलं. इतकं खोडलं की कागद फाटला. त्या जागी काय लिहावं ते सुचेना. "नुसतं रस लिही गो, रिक्षावाला खोळंबलाय," आई म्हणाली.

आई, तुला कॉम्प्युटरचं वावडं, तू हे वाचणार नाहीस. तोंडावर बोलायला गेले तर रडू येतं, म्हणून इथे लिहिते... लक्ष होतं गो आई तुझं. माझ्यावरच होतं.