लॅमिनेशन केलेला नंबर

माझ्या मित्राचा चेहरा आठवायला गेलो की आधी त्याचे पायच डोळ्यांपुढे येतात. वीस-बावीस वर्षं तो गाड्यांखाली आडवा पडून काम करत आला. बोथ गावाहून रस्ता हायवेला लागतो तिथे त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे. कधीही जावं, एखाद्या लॉरीखालून दोन पाय बाहेर आलेले असायचे आणि गप्पा त्या पायांशीच मारायच्या. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी शिकलो आणि सरकारी शाळेत मास्तर झालो. तो भाजी पिकवणाऱ्यांच्या घरातला. मळा सोडून त्यानं हातात पाना घेतला आणि मिस्त्री झाला. आता तो मला मास्तर म्हणतो, मी त्याला मिस्त्री.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या कंबरेनं घात केला. डॉक्टरनं खाली निजून वजन उचलायला साफ मनाई केली. त्या दिवशी मी गेलो तेव्हा तो पहिल्यांदाच टायरवर बसलेला दिसला.

"कंबरीनं जवाब देल्ला, मास्तर," तो म्हणाला. "आता बसून करता येईन असं काई तरी पायजे मले. नाई तं घरी बसून मेथी निवडत राहीन."

माझी शाळा डोंगरावरच्या एका गुड्यात, म्हणजे आदिवासी पाड्यात, आहे. वाटेत एकच नाला तीनदा आडवा येतो. पावसाळ्यात ऑटो पहिल्या नाल्यालाच थांबतात. पुढे माणसं रेशनचं पोतं डोक्यावर घेऊन चालतात आणि मी बूट हातात घेऊन. नाला ओलांडून वर चढणारी एखादी गाडी असती, तर तिला दिवसभर सवारी मिळाली असती. मिस्त्रीनं नुसतं बसून स्टेअरिंग फिरवायचं होतं. पण तसली नवी गाडी विकत घेणं आमच्या सात पिढ्यांना जमणार नव्हतं.

"मंग बनवू," तो म्हणाला.

त्याच्यापेक्षा जास्त मीच उडालो, हे कबूल केलं पाहिजे. त्याला पोटासाठी गाडी हवी होती. मला हौस होती. शाळेच्या पहिल्या दिवशी आपण त्या गाडीतून गुड्यात उतरतोय आणि सगळा गुडा बघतोय, हे चित्र मी मनात कितीदा रंगवलं असेल त्याला गणती नाही.

वर्षभर आम्ही भंगार गोळा केलं. सांगाडा एका म्हाताऱ्या गुत्तेदाराच्या जीपचा. ती त्याच्या शेतात लिंबाखाली उभी राहून राहून जमिनीत रुतली होती, पण तिचे कागद शाबूत होते. ते मी माझ्या नावावर करून घेतले, कारण कागदाचं खातं माझ्याकडे, लोखंडाचं त्याच्याकडे, अशी वाटणी ठरली होती. इंजिन हायवेवर उलटलेल्या एका पिकअपचं. चारी चाकांना जोर देणारा गिअरबॉक्स नागपूरच्या भंगार बाजारातून पोत्यात शिवून बसनं आणला. कंडक्टरनं पोत्यात काय आहे विचारलं, तर मिस्त्री म्हणाला कांदे. कंडक्टरनं पोत्याला लाथ मारून पाहिली आणि मग पुढच्या स्टॉपपर्यंत तो आमच्याशी बोलला नाही. शाफ्ट लांब पडला, तो निर्मलला लेथवर नेऊन चार बोटं आखूड केला. रेडिएटर ट्रॅक्टरचा होता आणि सीटा मोडीत निघालेल्या एका बसच्या.

मिस्त्रीची काम करायची एक रीत आहे. तो आधी मांडतो, मग जोडतो. गॅरेजच्या मातीवर त्यानं खडूनं चार रेघा मारल्या आणि प्रत्येक भाग त्याच्या जागी नुसता ठेवून दिला. मापाला टेप नाही, गाठी मारलेली सुतळी. आठ-आठ दिवस तो त्या मांडणीभोवती फिरायचा, एखादा भाग बोटभर सरकवायचा, पुन्हा सुतळी लावायचा. मी चिडायचो. तो म्हणायचा, "बोल्ट कसला की मंग लोखंड आयकत नाई, मास्तर." आणि शेवटी खाली निजायची वेळ आलीच, तेव्हा त्यानं कापूस भरायचं गोणपाटाचं बोंद्रं अंथरलं आणि त्यावर कण्हत आडवा झाला. "ही आखरीची गाडी. हिच्यानंतर मी कोनाच्याच खाली झोपनार नाई," असं तो खालून म्हणाला.

मे महिन्यात खोड निघाली. गुत्तेदारानं त्या जीपमधून वर्षानुवर्षं युरियाची पोती वाहिली होती, आणि त्या खारानं चेसिसची डावी लोखंडी चॅनल आतून खाऊन टाकली होती. नखानं पोपडे निघत होते. तिथे नवं लोखंड जोडायलाच हवं होतं. नेमका त्याच जागी चेसिसचा नंबर ठोकलेला.

"नंबरचा वीतभर तुकडा राहू देतो," मिस्त्री म्हणाला. "आतून जाड प्लेट मारतो. प्लेट निर्मलहून वाकवून आनाव लागन. आठ-धा दिवस जातीन."

शाळा उघडायला बारा दिवस होते, आणि प्लेट आल्यावरही जोडकाम उरणारच होतं. मी त्याला थांब म्हणालो, घरी गेलो आणि पातळ कागद आणि पेन्सिल घेऊन आलो. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसा त्या नंबरवर कागद धरून मी छापा घेतला. एकेक आकडा उठून आला. गाडीच्या फॉर्मवर असाच छापा डकवतात, हे मी कचेरीत पाहिलं होतं. छापा आहे म्हणजे नंबर आहे, असं मी धरून चाललो.

माझ्या या शहाणपणामागे आमच्या घराचं सगळं पुराण आहे. आजोबा दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते. गावाच्या कडेचा एक तुकडा त्यांनी दगड वेचून वेचून कसला, आणि एके दिवशी त्यावर दुसऱ्याचं नाव निघालं. महसूल खात्याच्या पहाणीत नोंद नव्हती, हातात चिठोरं नव्हतं. आजोबा कुदळ खांद्यावर टाकून परत आले. वडील पुढे त्याच महसूल खात्यात कारकून झाले आणि त्यांनी उभा जन्म कागद जपण्यात घातला. आमच्या घरात लोखंडी पेटीत कपडे नसतात, फायली असतात. माझ्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकालाही लॅमिनेशन आहे. "पयले कागद सांबाय, मंग बाकीचं," हे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं, सांगता येणार नाही. हातात कागद नव्हता म्हणून ज्यांची जमीन गेली, त्यांच्या नातवाला कागदापुढे लोखंड फालतू वाटलं, यात मला तेव्हा काहीच चुकीचं दिसलं नाही.

त्या छाप्याला मी लॅमिनेशन केलं. त्याची झेरॉक्स काढून तिच्यावर ओळखीच्या एका गॅझेटेड अधिकाऱ्याचा सही-शिक्का घेतला. मग मिस्त्रीला जाऊन सांगितलं, नंबरसकट काप.

त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा चॅनलकडे पाहिलं. "तुले मालूम. कागदाचं तूच पाह्यतं," म्हणाला, आणि गॅस पेटवला. तुकडा खाली पडला. बादलीत चरचरला. तो पकडीत धरून त्यानं मला विचारलं, "ठेवू का फेकू?" मी गुड्यातल्या कोणाशी तरी फोनवर बोलत होतो, गाडी येतेय म्हणून सांगत होतो. मी हातानंच खूण केली, फेक.

तो हात अजून माझ्या खांद्याला आहे. त्याच हातानं मी फळ्यावर लिहितो.

नवीन चॅनल त्यानं अशी जोडली की बोट फिरवलं तरी जोड लागत नव्हता. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही हायवे टाळून शेताच्या वाटेनं गाडी वर नेली. पहिल्या नाल्याला गुडघाभर पाणी होतं. गाडी पाण्यात उतरली, जरा डुलली आणि पलीकडे चढली. दुसरा नाला, तिसरा नाला. दगडी चढावर मागचं चाक घसरलं तसं मिस्त्रीनं दांडा ओढला, पुढच्या चाकांनी जोर घेतला आणि आम्ही वर होतो. मी आजूबाजूला बघायचं विसरून त्याच्याकडे बघत होतो. पाठीमागे उशी, दोन्ही हात स्टेअरिंगवर, ताठ बसलेला. इतक्या वर्षांत त्याला मी असा कधी पाहिलाच नव्हता. "कंबर दुखून नाई राह्यली," तो म्हणाला, जसं काही एखादं नवल सांगतोय. खरंच आनंद झाला मला.

पंधरा दिवसांनी गाडी आरटीओच्या ब्रेक इन्स्पेक्टरपुढे उभी केली. बदललेलं इंजिन कागदावर चढवायचं आणि गाडी पास करून घ्यायची होती. इन्स्पेक्टर मिस्त्रीच्या कामावर खूश झाला. खाली वाकून, टॉर्च मारून त्यानं जोड पाहिले, मिस्त्रीशी तेलुगूत दोन शब्द कौतुकाचे बोलला. मग चेसिसचा नंबर विचारला. मी फाईल उघडली आणि ऐटीत लॅमिनेशन पुढे केलं. त्यानं ते उलटंसुलटं पाहिलं. सही-शिक्क्याची झेरॉक्सही पाहिली. दोन्ही माझ्या हातात परत दिली.

"सार, ये तो कागज है," तो शांतपणे म्हणाला. "मुझे लोहा दिखाओ."

मी बरंच बोललो. त्यानं ऐकून घेतलं. नंबर नसलेली गाडी चोरीची नाही हे मी कशावरून मानू, असं त्यानं विचारलं. कापलेला तुकडा आणून दाखवा, मग नवीन नंबर ठोकायची परवानगी वर मागता येईल, एवढी वाटही त्यानंच दाखवली. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं. शिव्या द्यायला मला कोणी तरी मिळालं असतं.

गॅरेजचं भंगार महिन्याला एक भंगारवाला नेतो. त्याच्या वखारीत आम्ही दोन दिवस ढिगारे उपसले. मिस्त्री वाकू शकत नव्हता म्हणून तो एका उलट्या डब्यावर बसून मी फेकलेला प्रत्येक तुकडा हातात घेऊन बघायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी भंगारवाल्यालाच आमची दया आली. त्यानं सांगितलं, मेचा माल जूनच्या पहिल्या लॉरीनं भट्टीला गेला. आता त्याची सळई होऊन कोणाच्या तरी स्लॅबमध्येही बसली असेल.

मी घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, लॅमिनेशन उजेडात धरलं, एकेक आकडा वाचला. "कागद तं बरोबर हाय," ते म्हणाले. "मंग त्याईचं म्हननं काय हाय?" मी जेवायला बसलो.

निर्मलच्या लेथवाल्याकडे आकड्यांचे पंच होते. छापा आहेच, तर हुबेहूब ठोकून देतो, कोणाला कळणार नाही, असं त्यानं आपणहून सुचवलं. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. तो गुन्हा आहे, मी म्हणालो. त्यानं एक पंच उचलून बघितला. गाडी माझ्या नावावर आहे, सापडलो तर नोकरी जाईल, मी म्हणालो.

"हौ," तो म्हणाला. "तुले नोकरी हाय."

त्यात टोमणा नव्हता. मी बोललो ते कायद्यानं बरोबरच होतं, आजही बरोबर आहे. फक्त कायदा मला आठवला तो माझं काही जायची वेळ आली तेव्हा. त्याचं जे जायचं ते माझ्या एका खुणेनं आधीच गेलं होतं.

गाडी पावसाळाभर गॅरेजच्या मागे उभी राहिली. बसच्या सीटांवर कोंबड्या बसू लागल्या. दिवाळीआधी एकदा मी गेलो, तर लॉरीखाली पुन्हा ते बोंद्रं होतं आणि त्यावरून दोन पाय बाहेर आलेले होते. मी टायरवर बसलो. पाय आपलं काम करत राहिले.

उन्हाळ्यात त्यानं गाडी मोडायला काढली. सुटे भाग तरी कोणाच्या कामी येतील, म्हणाला. मी रजा टाकून गेलो. का गेलो कोण जाणे. इंजिन निघालं, गिअरबॉक्स निघाला, ज्या क्रमानं त्यानं मातीवर मांडलं होतं त्याच्या उलट्या क्रमानं. शेवटी नुसता सांगाडा उरला आणि त्यानं गॅस पेटवला. डाव्या चॅनलपाशी तो जोड सोडून चार बोटं पुढे कापू लागला.

"जोडावरच काप ना," मी म्हणालो. काही तरी बोलायचं म्हणून.

"जोड नाई निंगत," तो म्हणाला. "बाकीचं सारं निंगन. तो पक्का हाय."

जोडाच्या अलीकडे एक काप, पलीकडे एक. वीतभर तुकडा खाली पडला. तसाच, तेवढाच. त्यानं तो पकडीत उचलला, बादलीत बुडवला, चरचर थांबेपर्यंत धरून ठेवला. या खेपेला त्यानं ठेवू का फेकू विचारलं नाही. फडक्यात गुंडाळून तो माझ्या हातात दिला. अजून कोमट होता.

"घे, मास्तर," तो म्हणाला. "याले लॅमिनेशन कर."

मी त्याच्याकडे पाहिलं, तो हसत असेल म्हणून. तो हसत नव्हता. दारात एक लॉरी येऊन उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मिस्त्रीनं कंबरेला हात लावला, बोंद्रं ओढलं आणि तो खाली शिरला.