टाकीखालचा हंसराज

लखनौत नेचे शोधायचे असतील तर आधी गळती शोधावी. उन्हाळ्यात भाजून निघणाऱ्या या शहरात ओल टिकते ती फुटक्या नळाखाली, कूलरच्या मागे, नाहीतर टाकीच्या भिंतीवर. अलीगंजच्या आमच्या कॉलेजात पावसाळा सरता सरता मी मुलांना ज्या वाटेने फिरवते, ती वाटच मुळी अशा गळत्या जोडून आखली आहे. सुरुवात तळ्याकाठच्या चौपतियापासून. चार पानांचं हे बारकं रोप नेच्यांच्या गोतातलं आहे म्हटलं की मुलं मला वेड्यात काढतात. शेवट पाण्याच्या टाकीखाली. तिथे जुन्या विटांवर हंसराज वाढतो, काळ्या तारेसारखे देठ आणि त्यावर नाजूक हिरवी पानं.

टाकीची गळती बुजवायला आलेल्या प्लंबरला मी दोनदा परत धाडलं होतं. मला विचारल्याशिवाय तिथे कुणी हात लावायचा नाही, असा माझा दरारा. आमचे यजमान रेल्वेत इंजिनिअर होते. ते हसायचे. म्हणायचे, "मी जन्मभर गळत्या बुजवल्या आणि तू त्या पाळतेस."

यंदा उन्हाळ्यात ते गेले. नागपूरहून आलेली नणंद म्हणाली, रडून मोकळी हो. मला रडूच आलं नाही. सुट्टी संपली तशी निशातगंजहून ऑटो धरून पुन्हा कॉलेजात जायला लागले. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, मी नुसती दगड झाले होते.

यंदाची फेरीही मी काढली. दरवर्षीचंच बोलत गेले. एका मुलीने पान उलटून विचारलं, हे तपकिरी ठिपके म्हणजे किड्यांची अंडी का? दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच, आणि मी त्याची यथेच्छ फिरकी घेते. यंदा सरळ सांगितलं की हे बीजाणूंचे पुंजके, या झाडांना फूल येत नाही, पुढची पिढी यातूनच येते. माझ्या फिरकीबद्दल ऐकून आलेली मुलं जरा हिरमुसली.

टाकीला शिडी लावून प्लंबर उभा होता. मला पाहून खाली उतरला.

"मॅडम, इस बार बंद कर दें?"

'नको' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण तेवढंही म्हणावंसं वाटेना.

"कर दो," मी म्हणाले.

"फिर तो ये सूख जाएगा ना, मॅडम?" त्याच मुलीने विचारलं.

मी हो म्हटलं. विटा कोरड्या पडल्या की पानं कशी गळत जातात, तेही परीक्षेतल्या उत्तरासारखं समजावलं.

प्लंबरने भेग बुजवली. टपटप थांबली. त्या मुलीने दप्तरातली पाण्याची बाटली काढली आणि हळूहळू भिंतीवर ओतली. मग दुसऱ्याने ओतली, मग सगळ्यांनीच. हंसराजाच्या पानावर पाणी ठरत नाही, घरंगळून जातं.

मुलांनी बाजूला सरून मला जागा करून दिली. मी पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि तहान नसताना, उभ्याउभ्या, सगळं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. तेव्हा पहिल्यांदा मला माझीच भीती वाटली.